हरवूबाईची सुई

तिला घरात सगळे हरवू म्हणत. लग्न झाल्यावर मानाचं ‘बाई’ लागलं आणि ती हरवूबाई झाली; पुढे थोरल्या बहिणीच्या मुलीला बोलता यायला लागलं तेव्हा हरवूमावशी झाली. नाव कशावरून पडलं हे त्या पोरीला ठाऊकही नव्हतं. आता साठी उलटलेल्या आणि जन्मात कधी छत्रीसुद्धा न विसरलेल्या बाईला हरवू म्हणायचं म्हणजे गंमतच, पण नावाचं असंच असतं. एकदा चिकटलं की घासून धुतलं तरी निघत नाही.

हरवली होती ती एक सुई, आणि तीसुद्धा हरवू फ्रॉकमध्ये फिरत होती तेव्हा.

तिची आई जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायची. घरातली एकही चिंधी आईच्या तावडीतून सुटून कचऱ्यात गेली नाही. शर्ट विरला की गोधडीत, पडदा फाटला की गोधडीत. वडील म्हणायचे, “मी जरा जास्त वेळ न हलता बसलो तर मलाही आत घालून टाके घालेल ही.” या कामासाठी आईकडे एक लांब, जाड सुई होती, तिच्या आईकडून आलेली. आईला जवळचं नीट दिसत नसे, म्हणून दोरा ओवायचं काम धाकटीचं. धाकटी म्हणजे आपली हरवू. खिडकीपाशी उजेडात उभं राहायचं, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, ओवायचं, दुसऱ्या टोकाला गाठ मारायची आणि सुई आईच्या हातात द्यायची. आईला जे जमत नाही ते आपल्याला जमतं, याचा तिला कोण अभिमान होता.

एके दिवशी ती सुई नाहीशी झाली. आईने अंथरुणं झटकली, फरशी दोनदोनदा झाडली, कपाटाखाली झाडूचा दांडा फिरवला. वडील बरेच दिवस घरात बगळ्यासारखे एकेक पाय उचलून चालत होते. सुई काही मिळाली नाही. मग शोध सुईचा थांबला आणि माणसाचा सुरू झाला. शेवटी कोणाच्या हातात होती? दोरा कोणी ओवला होता? ज्याच्या हाती ससा तो पारधी! धाकटीने रडत रडत सांगितलं, “मी तुझ्या हातात दिली होती गं आई.” आई म्हणाली, “मला तर आठवत नाही.” आईलाच आठवत नाही म्हटल्यावर खटला निकाली निघाला.

त्या दिवसापासून तिच्या हातात कोणी सुई दिली नाही. मग किल्ली देणं बंद झालं, मग सुटे पैसे. नावडतीचं मीठ अळणी, तसं झालं. घरात काही सापडेनासं झालं की सगळे आधी तिच्याकडे बघायचे. आई कठोर होती असं नाही; हसूनच म्हणायची, “हिच्या हातात दिलं की गेलं.” हसून म्हटलेलं जास्त खोल जातं, कारण त्याला उत्तर देता येत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, इतक्या वेळा ऐकल्यावर तिला ते आठवायलाच लागलं. खिडकीपाशी आपण उभ्या आहोत, सुई बोटांतून निसटली, फरशीवर बारीक आवाज झाला आणि आपण घाबरून कोणाला सांगितलं नाही, असं सगळं चित्र तिच्या डोळ्यांसमोर स्पष्ट उभं राही. मग आपण आईला खोटं का सांगितलं, याचीही तिला लाज वाटू लागली. तिने आपला गुन्हा मनोमन कबूल करून टाकला.

मोठेपणी ती शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागली. मशीनची सुई तिला आवडली, कारण ती स्क्रूने आवळलेली असते. मनात आणलं तरी हरवता येत नाही. तिच्या वाट्याला आल्या कॉलरी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलरच. सुपरवायझरबाई मागून फेऱ्या मारत “हात चालवा, हात चालवा” म्हणायची. हातांना इतकी सवय झाली की घरी जेवतानासुद्धा ती घाईघाईने घास संपवून पुढचं काय, म्हणून बघायची. एवढी वर्षं काम केलं, पण एक अख्खा शर्ट काही तिच्या हातून पुरा झाला नाही.

निवृत्त झाल्यावर सुरुवातीला तिला हातांचं काय करावं कळेना. नवरा तिच्याआधीच बसच्या ड्रायव्हरकीतून मोकळा झाला होता. जन्मभर लोकांच्या घाईत जगल्यावर त्याने आता ठरवून टाकलं होतं की, कुठल्याच गोष्टीला उशीर होत नसतो. एकदा त्याची गोधडी मधोमध विरलेली तिला दिसली. पातळ झालेल्या कापडातून तिची बोटं दिसत होती. बराच वेळ ती त्या बोटांकडे बघत बसली. मग खाली उतरून दुकानात गेली आणि चोरी करायला आल्यासारखी हळूच म्हणाली, “एक सुई द्या.”

“पाकीटच येतं, बाई,” दुकानदार म्हणाला.

“पाकीट नको. एकच.”

दुकानदाराने आयुष्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नसावं. त्याने पाकीट फोडून तिला एक सुई दिली, वर पैसेही घेतले नाहीत. खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी डबी धुऊन, पुसून तिने त्यात कापसाची गादी केली आणि सुई निजवली. त्यानंतर तिचा नियम ठरला. उठायचं झालं की सुई आधी डबीत, झाकण बंद, मग बाकीचं जग. दार वाजो, फोन वाजो, गॅसवर दूध येवो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे ताक फुंकण्याच्या नादात दूध रोज उतू जात होतं. नवरा शांतपणे ओटा पुसून घ्यायचा आणि उरलेल्या दुधाचा चहा करायचा.

पहिलं ठिगळ लावायला तिला कितीतरी दुपारी लागल्या. मागे कोणी फेऱ्या मारत नव्हतं. एक टाका घालायचा, बघायचा, आवडला नाही तर उसवायचा. उसवलं तरी कोणी बोलत नाही, हे कळलं तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली. मग शेजारणींच्या गोधड्या येऊ लागल्या. “कधी मिळेल?” असं विचारलं की ती म्हणायची, “झाली की.” घाई असेल त्यांनी दुसरीकडे जावं, हे ती बोलत नसे, पण तिचा चेहरा ते व्यवस्थित बोलायचा.

तिची कामाची पद्धत साधी होती. गोधडी धुऊन उन्हात वाळवायची, पलंगावर पसरायची आणि डोळे मिटून वरून तळवा फिरवायचा. कुठे जीव उरलेला नाही हे हाताला आधी कळतं. ठिगळासाठी कधी कोरं कापड घ्यायचं नाही. कोरं कापड जुन्याला ओढून फाडतं. खूप वेळा धुतलेलं, मवाळ झालेलं घ्यायचं. आणि खालचं जुनं कधीही कापून टाकायचं नाही. विरलेलं तसंच राहू द्यायचं, त्याच्यावर नवं अंथरायचं आणि धावदोऱ्याच्या ओळींनी दोघांना एकत्र बांधायचं. दोरा मेणबत्तीवर ओढून घ्यायचा, म्हणजे गुंतत नाही. एवढंच, बाकी सगळा वेळेचा खेळ.

अशात भाचीला मुलगी झाली आणि ताई आईची गोधडी घेऊन आली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ही शेवटची एक गोधडी ताईकडे उरली होती, गादीएवढी जाड, सात-आठ थरांची आणि चारी बाजूंनी विरलेली.

“बाळाला हीच घालायची म्हणते माझी लेक,” ताई म्हणाली. “मी म्हटलं मशीनवर मारून आणते, तर म्हणाली हरवूमावशीलाच दे. देते खरी. पण बाई, तेवढं सुईचं बघ हं.”

ताई हसली. धाकटीही हसली. सवयीने हसली.

त्या गोधडीवर तिने जीव ओतला. प्रत्येक तुकडा ओळखीचा होता. हा स्वयंपाकघरातला पडदा, हा ताईचा फ्रॉक, ही उशीची खोळ. एका कोपऱ्यात वडिलांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा तुकडा होता, त्यावर तिने पिवळ्या फुलांचं मऊ ठिगळ लावलं. तिथे शिवताना सुई एकदा कुरकुरली, आत काहीतरी कडक लागलं. आईची जाड गाठ असेल, असं म्हणून तिने टाका जरासा बाजूने नेला. काम पुरं झालं तेव्हा तिने गोधडी गालाला लावून पाहिली. आपल्या हातून एक अख्खी गोष्ट पुरी झाली आणि ती चांगली झाली, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

गोधडी घेऊन ती ताईकडे गेली तेव्हा भाची बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. भावोजी खुर्चीत पेपर वाचत होते. गोधडी उलगडल्यावर भाची म्हणाली, “मावशी, काय सुंदर केलीस गं!” ताईलासुद्धा कौतुक लपवता आलं नाही. तिने ती पलंगावर अंथरली, आणि बाळाला ठेवण्याआधी सुरकुत्या काढायला वरून हात फिरवला.

“आई गं!”

ताईने तळवा वर केला. मधोमध रक्ताचा थेंब फुगत होता. सगळ्यांनी आधी त्या थेंबाकडे बघितलं आणि मग, अगदी एकाच वेळी, तिच्याकडे.

“सांगितलं होतं ना मी,” ताई म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

भाचीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. एवढंसं ते बाळ, आणखी पळभरात तिथे निजवलं असतं. डबीत सुई ठेवली होती ना आपण? ठेवली होती. पण ठेवली होती असं तर तेव्हाही वाटलं होतं, आईच्या हातात दिली असं. आपल्या आठवणीचा काय भरवसा? तिने मनाशी ठरवलं की ही सुई आपली निघाली, तर पुन्हा कशालाही हात लावायचा नाही. दुपारी नुसतं बसून राहायचं.

तिने घरी फोन लावला. “अहो, ती माझी डबी उघडून बघा. सुई आहे का आत?”

“कुठली डबी?”

“खोकल्याची!”

“खोकला झालाय तुला?”

“अहो, उठा आधी!”

नवरा उठला. चष्मा शोधला. डबी शोधली. झाकण घट्ट होतं, त्याच्याशी त्याची थोडी बोलाचाली झाली. इकडे खोलीत सगळे फोनकडे बघत होते. मग फोनवर आवाज आला, “आहे की. झोपलीये कापसात. का गं?”

तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण ताई म्हणाली, “मग दुसरी असेल.”

“माझ्याकडे दुसरी नाहीच, ताई.”

“असं कसं? शिवणाऱ्या बाईकडे एकच सुई?”

यावर कोण विश्वास ठेवणार? तिने भाचीकडे छोटी कात्री मागितली, पलंगाच्या कडेला बसली आणि आपलंच पिवळ्या फुलांचं ठिगळ उसवायला लागली. इतक्या दुपारींचे टाके तुटत होते, पण तिला त्याचं काही वाटलं नाही. ठिगळ उचललं. खाली वडिलांच्या शर्टाचा तुकडा होता, आणि नव्या टाक्यांनी कापड आवळल्यामुळे त्यातून बारीकसं काळं टोक वर आलेलं.

“ही माझ्या ठिगळाच्या खाली आहे,” ती म्हणाली. “शर्टाच्याही खाली आहे.”

“मग उसव,” ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

शर्टाचे टाके आईचे होते. ते तिने एकेक करून कापले. एक बाजू मोकळी झाली, तिने तुकडा उलटला. आत शिवणीला लागून आडवी पडली होती एक लांब, जाड, काळी पडलेली सुई. नेढ्यात हिरवा दोरा होता. तो दोरा तिथून निघून खालच्या थरावरच्या हिरव्या टाक्यांच्या ओळीत शिरला होता. तुटलेला नव्हता. ताईने तो चिमटीत धरून हलकेच ओढला, तर आईच्या टाक्यांची अख्खी ओळ चुणून वर आली.

आता हातच्या काकणाला आरसा कशाला? आई हिरव्या दोऱ्याने ओळ घालत होती. ओळ संपली, किंवा कोणीतरी हाक मारली, आणि आईने दोरा न तोडता सुई तिथेच कापडात खोवली. गोधडी शिवणारी प्रत्येक बाई हेच करते. मग परत येऊन पुढचं ठिगळ, तो शर्टाचा तुकडा, नेमका त्याच जागेवर अंथरला. आणि मग तो शिवायला सुई शोधू लागली. शेवटी बिचारीने नवी सुई आणून जुनीच्या डोक्यावर टाके घातले. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

“म्हणजे तू हरवलीच नव्हतीस,” ताई खाली बसत म्हणाली.

धाकटीला तो फरशीवरचा बारीक आवाज आठवत होता, जो कधी झालाच नव्हता. खिडकीपाशी सुई पडलीच नव्हती. ओवलेली सुई तिने आईच्या हातात दिली होती, अगदी जसं तिने तेव्हा सांगितलं होतं तसंच. तिने वाकून गोधडीच्या मागच्या बाजूने बोट फिरवत त्या हिरव्या ओळीची सुरुवात शोधली. तिथे दोऱ्याच्या टोकाला गाठ होती. लहान मुलाच्या हाताची, गरजेपेक्षा मोठी, दोनदा मारलेली गाठ. ती तिचीच होती, आणि इतक्या वर्षांत सुटली नव्हती.

तिला आईचा राग आला. खरोखरचा, कडकडून राग आला. आई समोर असती तर ती बोलली असती, जन्मात बोलली नाही ते सगळं बोलली असती. तो राग छातीत चढला, घशाशी आला आणि तिथे त्याचं काय झालं कोण जाणे, ती हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसू लागली. मोठं गाठोडं डोक्यावरून उतरवल्यावर मान हलकी होते, पण लगेच सरळ होत नाही, तसं तिला झालं होतं.

“आईला कळायला हवं होतं गं,” ताई रडवेली होऊन म्हणाली.

“बरं झालं नाही कळलं. नाहीतर म्हातारपणी स्वतःलाच हरवूबाई म्हणत बसली असती.”

ताईने आपला रक्ताळलेला तळवा तिच्या हातावर ठेवला. “मीपण म्हणत आले ना. दर वेळी.”

“तू तर सगळ्यात जास्त,” धाकटी म्हणाली. तिने ते गोड करून सांगितलं नाही. ताईनेही मान हलवली.

“म्हणजे आता हरवूमावशी म्हणायचं नाही का?” भाचीने विचारलं. तिला ही सगळी हकिकत आजच कळत होती.

“म्हण गं. आता दुसऱ्या नावाने हाक मारलीस तर मी वळून बघायची नाही.”

एवढ्यात भावोजींना काहीतरी उपयोगाचं करावंसं वाटलं. त्यांनी फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढून आणलं आणि सबंध गोधडीवरून, इंचाइंचाने, मोठ्या गंभीरपणे फिरवलं. आणखी काही निघालं नाही. मग ते ताईला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला घेऊन निघाले. “आईची सुई टोचली म्हणून आता डॉक्टरची टोचून घ्यायची,” असं ताई जिन्यावरून उतरताना म्हणाली, आणि दोघी बहिणी पुन्हा हसल्या.

ती काळी सुई भाचीने कागदात गुंडाळून दिली. गोधडी घेऊन धाकटी घरी आली. उसवलेलं पुन्हा शिवायचं होतं. शर्टाचा तुकडा आधी परत बसवला, आईच्याच भोकांतून टाके घेत. आईची ती हिरवी ओळ तिने दोरा न तोडता तशीच ठेवली, नुसतं टोक आत वळवून पक्कं केलं. मग पिवळ्या फुलांचं ठिगळ. तिने दोरा लाल घेतला. खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता, नवरा समोर बसून सगळी हकिकत तिसऱ्यांदा ऐकत होता.

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी,” तो म्हणाला.

“फाशी कसली. जन्मठेप.”

तेवढ्यात आतून दुधाचा वास आला. ती ओळीच्या मध्यावर होती. तिने सुई तिथेच कापडात खोवली, लाल दोरा तसाच वर ठेवला आणि उठली.

“अगं,” नवरा डबीकडे बोट दाखवत घाबरून म्हणाला, “सुई! सुई राहिली!”

“असू दे. कुठे जातेय?” ती चालता चालताच म्हणाली, आणि दूध कडेपर्यंत आलं होतं तेवढ्यात तिने गॅस बंद केला.